सिस्टर बेनेडिक्टांची बदली आणि माझा वशिला

सानपाडा,
रविवार

आदरणीय किसनदाजी,

सप्रेम जय भीम. ताईलाही जय भीम, पायलला आशीर्वाद, आणि तुमच्या गुडघ्याची वेगळी चौकशी, कारण घरातले सगळे निर्णय हल्ली तोच घेतो असं ताई फोनवर सांगत होती. इकडे आम्ही मजेत आहोत. नमिताचं बीपी तिच्या ताब्यात आहे आणि मीही.

आधी हिशेब सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. गेल्या रविवारच्या माझ्या एका भेटीचा एकूण खर्च असा: एक सुट्टी, एक इस्त्रीचा सफारी, दोन किलो पेढे आणि एक सिस्टर. पहिल्या तीन गोष्टी माझ्या होत्या. चौथी शेजारच्या सगळ्या सारसोळे गावाची होती, त्यामुळे तिकडच्या बायका सध्या माझ्याशी तुटक बोलतात.

सिस्टर बेनेडिक्टा तुम्हाला आठवत असतील. माझ्या गोडाउनच्या उद्घाटनाला आल्या होत्या, करड्या साडीतल्या, मूळच्या वसईच्या. (तुम्हाला आधी तोंडातली तंबाखू थुंकायला लावली आणि मग नमस्कार केला, त्याच.) मी इथे आलो तेव्हा दुसऱ्याच्या मंडपाच्या खुर्च्या वाहत होतो. त्यांच्या शाळेच्या गॅदरिंगला खुर्च्या मांडत असताना त्यांनी विचारलं, शिक्षण किती? म्हटलं, नववीतून सोडली. म्हणाल्या, मग इतक्या खुर्च्या मांडतोस, त्यातल्या एकीवर संध्याकाळी येऊन बस. बसलो. आज चार टेम्पो आहेत, टेंडर मी स्वतः वाचतो आणि समोरच्याने बारीक अक्षरात काय लपवलंय ते त्याच्या आधी मला दिसतं, हे त्या खुर्चीमुळे. नमिताही त्याच वर्गातून दहावी झाली. (मार्क माझ्यापेक्षा जास्त. हे ती पाहुण्यांना चहाच्या आधी सांगते.)

दिवसा शाळा आणि संध्याकाळी हा मोठ्यांचा वर्ग, असं सिस्टरांचं वर्षानुवर्षं चाललंय. वर्गाला दांडी मारता येत नाही, कारण विद्यार्थी आला नाही तर वर्गच त्याच्याकडे जातो. आमची दुर्गाबाई, सारसोळ्याची, मासळी विकते आणि येत्या मार्चला दहावीला बसायची आहे. सीझनमध्ये ती वर्गाला आली नाही, तर सिस्टर थेट बाजारात. उलट्या टबावर बसून भूगोल सुरू. गिऱ्हाईक हातात पापलेट धरून उभं, आणि दुर्गाबाई त्याला म्हणते, "थांब जरा, मान्सून वारे संपू दे." एक साहेब वैतागून निघाले, तर सिस्टरांनी त्यांनाच प्रश्न विचारला. साहेबांना उत्तर आलं नाही. पापलेट सांगितल्या भावात घेऊन गेले.

तर मे महिन्यात सिस्टर वर्गात म्हणाल्या, पुढच्या महिन्यात मी जाणार. कुठे, ते कोणी विचारलंच नाही. वय सत्तरीच्या पुढे, म्हणजे वसईला त्यांच्या विश्रांतीगृहात, हे सगळ्यांनी आपापलं ठरवून रडून घेतलं. मग दुर्गाबाई माझ्या ऑफिसात आली. म्हणाली, "शेठ, तुमची वरती वलख हाय ना? माझी परीक्षा व्हईपर्यंत तरी थांबवा तिला. दुसऱ्या कोनाकडं मला शिकाला जमनार नाय, लाज वाटते."

दाजी, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. बदल्या थांबवण्यात आपला हात कोणी धरत नाही हे तुम्हाला माहीत आहे. नमिता म्हणाली, "अहो, ते कॉन्व्हेंट आहे, पाणीपुरवठा विभाग नाही." मी म्हटलं, ऑफिस ते ऑफिस. एका माजी नगरसेवकांकडून लेटरहेडवर शिफारस घेतली (त्यांनी सवयीने 'सदर कर्मचारी' असं लिहिलं), पेढे घेतले आणि त्यांच्या सगळ्यात वरच्या मदरना भेटायला गेलो. मदर चणीने एवढ्याशा, मंगळूरकडच्या, मराठी सावकाश पण पक्की. लेटरहेड पूर्ण वाचून घडी घातली आणि म्हणाल्या, "बोला."

मी जो सुटलो तो सुटलोच. म्हटलं, मदर, विश्रांती कोणाला? या बाईला थकवा माहीत नाही. लाइट गेली तर मेणबत्तीवर शिकवतात. जमिनीवर झोपतात. भाकरी-ठेचा मिळाला तरी पक्वान्न समजतात. बाजारात, पारावर, टेम्पोत, कुठेही बसवा, वर्ग चालू. मदर मान हलवत होत्या. मला वाटलं, काम झालं.

त्या म्हणाल्या, "गुडघे?"

म्हटलं, "एक नंबर. जिन्याच्या कठड्याला हात लावत नाहीत."

"पाणी विहिरीचं असलं तर?"

"मदर, त्या खाडीशेजारी राहिल्यात."

"मग माझी काळजी मिटली," मदर म्हणाल्या आणि त्यांनी पेढा घेतला. मीही घेतला. तो तोंडात असतानाच त्यांनी पुढचं सांगितलं: अंबड तालुक्यात एक गाव आहे, मुली सातवीनंतर घरी बसतात, तिथे एक सिस्टर पाठवायची आहे. आणि गावाचं नाव घेतलं. दाजी, तुमचं गाव. शाळा सातवीला संपते म्हणून मी सिस्टरांपुढे एवढी वर्षं ज्या गावाच्या नावाने बोटं मोडत आलो, तेच.

म्हणजे बघा, एका मंडपवाल्याच्या शब्दावर एवढ्या मोठ्या संस्थेने निर्णय घेतला. दुसऱ्या कोणाला जमलं असतं का, सांगा. फक्त दिशा चुकली. दुर्गाबाईला सांगितलं तर ती सुरी पुसत म्हणाली, "शेठ, तुमी तिला थांबवाला गेलते का पाठवाला?"

पण वर्ग बंद पडला नाही. सिस्टरांनी खडूचा डबा नमिताच्या हातात दिला. नमिता म्हणाली, मला नाही जमायचं. सिस्टर म्हणाल्या, घरी एक विद्यार्थी एवढी वर्षं सांभाळलास की. परवा पहिला तास झाला. दुर्गाबाई लाजत आली, मागच्या बाकावर बसली, आणि नमिता फळ्यावर गणित चुकली तेव्हा हसत हसत पुढच्या बाकावर आली. आता दोघी मिळून मार्चच्या तयारीला लागल्यात. माझं जेवण झाकून ठेवलेलं असतं.

सिस्टर उद्याच्या नाही, पुढच्या सोमवारी निघतात. सामान म्हणाल तर एक बॅग. मी टेम्पो पाठवत होतो, त्यांनी एसटीचं तिकीट काढलं.

ताईला काळजी घ्यायला सांगा. गुडघ्याला तेल लावा.

तुमचा मेहुणा,
भगवान

ता. क. तुमच्या पुढच्या खोलीत सोयाबीनची रिकामी पोती आणि बंद पडलेली पिठाची गिरणी आहे. ती पुढच्या मंगळवारपर्यंत हलवा. खोली वर्गासाठी दिली आहे. तुमच्या वतीने मीच होकार दिला, आभार मानू नका.

ता. क. २. पायलसाठी स्थळं बघायला सुरुवात केलीत असं कानावर आलं. (माझे कान अंबडपर्यंत पोचतात.) मंडप, खुर्च्या, लायटिंग सगळं मामाकडून फुकट, पण ती शिकून तिच्या मनाने तयार झाल्यावर. तोवर एक साधी खुर्ची द्या आणि सिस्टरांसमोर मांडा. या पत्रातलं हेच खरं काम आहे. बाकी पानं भरायला लिहिलं समजा.

ता. क. ३. पाकीट चिकटवता चिकटवता कळलं. दुर्गाबाईने आज सिस्टरांना सरळ विचारलं. तुमचं गाव त्यांनी नाताळातच स्वतः मागून घेतलं होतं, आणि मदरनी मी जायच्या आधीच होकार दिला होता.