शेवटची ओळ वाचता येईपर्यंत

प्रिय चष्मेवाली,

पत्र पाहून दचकू नकोस, मी धडधाकट आहे. दर महिन्याला फोनवर तुझा निरोप येतो, 'आई, झाली का?' मी लिहिते, 'अजून नाही', आणि विषय तिथेच संपतो. आज जे विचारायचंय ते दोन शब्दांत मावत नाही. कालपासून माझ्या डोक्याचा नुसता भुगा झालाय. सकाळी एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एकच पाय दोनदा आखूड केला आणि दुसरा तसाच ठेवला. तीस वर्षं शिवणयंत्रावर बसतेय, पण असं कधी झालं नव्हतं.

विषय आपण जवळजवळ दोन वर्षांपूर्वी घातलेल्या पिवळ्या प्लमच्या वाइनचाच आहे. तुझ्या पुस्तकात सगळं किती सरळ होतं. आठवडाभर बादलीत ठेवून रोज दोनदा ढवळायचं, मग गाळून काचेच्या बरणीत भरायचं. बुडबुडे थांबायला सहा आठवडे. पुढे दर दोन-तीन महिन्यांनी तळाचा गाळ मागे ठेवून दुसऱ्या बरणीत काढायची आणि नितळ झाली की बाटल्या. आपली मात्र सहा आठवडे झाले, नऊ झाले, तेरा झाले तरी बुडबुडतच होती. तू म्हणालीस थंडीमुळे असेल, मी म्हणाले पुस्तकच चुकीचं आहे. मग एकदा भांडी विसळताना मी सहज बोलून गेले की, तुला कामावरून आल्यावर त्रास नको म्हणून साखर मीच घातली होती. तुझ्या हातातला चमचा हातातच राहिला. माझे गुडघे दुखतात म्हणून तूही सकाळीच घालून गेली होतीस! एकमेकींवर उपकार करायच्या नादात बिचाऱ्या प्लमच्या वाट्याला दुप्पट साखर आली. आपण दोघी पोट धरधरून हसलो. तुझा नवरा, म्हणजे तेव्हाचा नवरा, म्हणजे माझा मुलगा (बघ, इथेही गोंधळ), तोही तिथेच बसला होता. तो हसला नव्हता, हे मला फार उशिरा आठवलं.

दुसऱ्यांदा गाळ काढला त्याच आठवड्यात तू बॅग भरलीस. तुमचं कशावरून बिनसलं ते मला कुणी सांगितलं नाही आणि कसं विचारावं ते मला सुचलं नाही. मुलाची बाजू घ्यावी, तर त्याची बाजू कुठली तेच मला ठाऊक नव्हतं. तुझी घ्यावी, तर तू सामान गाडीत ठेवत होतीस. दारात तू एवढंच म्हणालीस, "वाइन झाली की कळवा आई, माझा अर्धा वाटा न्यायला येईन." आणि तू काम करतेस त्या चष्म्याच्या दुकानातलं डोळे तपासायचं छोटं कार्ड माझ्या हातात दिलंस. ते बरणीच्या मागे टेकवायचं आणि सगळ्यात खालची बारीक ओळ वाइनमधून वाचता आली की बाटल्या भरायच्या.

आता खरं सांगते. ती ओळ मी नवव्या महिन्यातच वाचली. तूच बनवून दिलेल्या चष्म्यातून, अगदी लख्ख. त्याच संध्याकाळी तुझा निरोप आला आणि माझ्या बोटांनी 'अजून नाही' लिहून टाकलं. का, ते त्या वेळी मलाही कळलं नाही. मग कागदांवर तुमच्या सह्या झाल्या. शेजारीण म्हणाली, सून गेली की सासूपणही गेलं. खरंच जातं का गं? आणि कितव्या महिन्यात जातं? वाइनसाठी निदान पुस्तक तरी आहे. मला एवढंच दिसत होतं की तू वाटा घेऊन गेलीस की या घरात तुझं काही काम उरणार नाही. म्हणून मी बरण्या बदलत राहिले. तळाला गाळ नसला तरी या बरणीतून त्या बरणीत. काहीतरी चाललंय असं वाटायला हवं ना! दर वेळी थोडी सांडते, थोडी मी चाखते. गळ्यापर्यंत भरलेली बरणी आता अर्ध्यावर आलीय.

काल तिची चव जराशी उतरल्यासारखी वाटली, म्हणून छोट्या बाटलीत घेऊन वाइनच्या बाटल्या-बुचं विकणाऱ्या बुचवाल्याकडे गेले. त्याने घोट घेतला आणि बरणी किती वेळा बदलली ते विचारलं. मी आकडा सांगताच तो माझ्यावर उखडलाच. दर वेळी हवा लागते म्हणे, आणखी महिनाभर हाच खेळ केलात तर व्हिनेगर होईल, याच आठवड्यात बाटल्या भरा. मी मान खाली घालून बुचं मोजत होते, तेवढ्यात तो म्हणाला, "तुमच्या सूनबाईंना मी गेल्या वर्षीच्या प्लमच्या हंगामातच सांगितलं होतं. साखर दुप्पट पडली असली तरी एव्हाना झालेली असणार."

बुचं तिथेच ठेवून मी घरी आले. चहा केला आणि प्यायचा विसरले. मग फोन काढून निरोप मोजले. तुला कळल्यानंतरही तू दहा वेळा विचारलंस, 'आई, झाली का?' दहा वेळा मी खोटं बोलले आणि दहाही वेळा तुला ते माहीत होतं. मग विचारत का होतीस? माझी कीव आली म्हणून? की तुझंही माझ्यासारखंच काही होतं? मी रात्रभर उलटसुलट विचार केला, काही उमगेना. म्हणून हे पत्र. वाइन झाली आहे, चष्मेवाली. केव्हाच झाली आहे. रविवारी दुपारी ये, दोघी मिळून बाटल्या भरू, मी धुऊन ठेवते. तुझा वाटा नेलास तरी माझी तक्रार नाही. फक्त झाडावरचे प्लम पुन्हा पिवळे व्हायला लागलेत, जाताना त्यांच्याकडे एकदा बघून जा. यंदाही साखर दोघींनी घातली तरी चालेल. तेवढाच जास्त वेळ लागेल.

तुझीच,
आई
(तू अजून तेच लिहितेस, म्हणून)