आर्गॉनची जोडी

२ फेब्रुवारी
आजपासून जागतिक संशोधन. चिमूर रोडवरच्या आपल्याच कॉलेजात! आर्गॉन वायूचे अणू एरवी एकमेकांच्या नादी लागत नाहीत. भयंकर थंडीत मात्र दोघं हलकेच चिकटतात. जरा ऊब लागली की सुटले. असा रेणू मी विज्ञान दिनाला सगळ्यांसमोर बनवणार. प्राचार्य सुरेंद्र सर म्हणाले, ‘पयले लॅबचा पंखा दुरुस्त करा.’ कोत्या मनाचा माणूस.

७ फेब्रुवारी
गडचांदूरच्या वेल्डिंगवाल्याकडून फुटबॉलच्या ब्लॅडरमध्ये आर्गॉन आणला. केमिस्ट्रीच्या कुंता मॅडम म्हणतात, एवढ्या थंडीत त्याचा सरळ बर्फच होईल. जोड्या हव्या तर वायू बारीक छिद्रातून निर्वातात सोडावा लागतो. विचारलं होतं कोणी? जळतात.

२६ फेब्रुवारी
डोकं फिरलंय. तेवढी थंडी देणारं लिक्विड नायट्रोजन फक्त जनावरांच्या दवाखान्यात. त्यात वळूच्या वीर्याच्या कांड्या ठेवतात, गाई भरवायला. डॉक्टर रीताबाई म्हणाल्या, ‘नाई देत. हे संपलं तर कांड्या खराब होते.’ म्हणजे बैल मोठा, फिजिक्स लहान!

२७ फेब्रुवारी, दुपार
बाई व्हिजिटला गेल्या होत्या. दोन थर्मास भरून घेतले. ही चोरी नव्हे. तळाशी थोडं ठेवलंय. मी काही राक्षस नाही.

२८ फेब्रुवारी
ब्लॅडरमधला आर्गॉन काचेच्या नळीत सोडला, नळी नायट्रोजनमध्ये बुडवली, वर काढली. पांढरीशुभ्र! ‘हाच तो रेणू!’ टाळ्या. कुंता मॅडम पुढे आल्या, रुमालाने नळी पुसली. पांढरं गेलं. हवेतली वाफ बाहेरून गोठली होती म्हणे. आत काहीच नव्हतं. ब्लॅडरमधला वायू केव्हाच गळून गेला होता. पोरं हसली. नालायक!
तेवढ्यात इतवारीभाऊ दारात. ‘काऊन जी सर, कांड्या काऊन मारल्या? माझी गाय आज माजावर हाय. डॉक्टरबाई रडून राह्यल्या तिकडं.’ मी म्हटलं, कार्यक्रम चालू आहे. तर लोकच उठून गेले.

१ मार्च
चूक उन्हाची. तळाशी ठेवलेलं नायट्रोजन त्यानंच उडवलं. फेब्रुवारीत एवढं ऊन असतं का? नव्या कांड्या आणायला प्राचार्यांनी मलाच चंद्रपूरला पिटाळलं. सूड!

२१ मार्च
गाय पुन्हा माजावर. इतवारीभाऊंच्या गोठ्यात रीताबाईंनी मला शेपटी धरायला उभं केलं. मी आर्गॉनचं सांगू लागलो. ‘गप राहा, सर. गाय बिचकते.’ शेपटी घट्ट धरून उभा राहिलो. काम झालं. हात धुताना भाऊ म्हणाले, ‘शेपटी मातर चांगली धरता जी, सर.’
कॉलेजात आजवर एवढंही कोणी म्हटलं नव्हतं.