अकरा ठोके

ता. ९ मार्च

चि. धाकट्यास दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल मंगळवारी पोचलं. पोस्टमनने ते उंबऱ्यावर आपटलं, पण तिन्ही तबकड्या शाबूत आहेत. एका पुठ्ठ्याचा कोपरा दबलाय. तो आधीपासून तसा होता की वाटेत दबला, देव जाणे. नंतर माझ्या नावावर नको.

सांगितल्याप्रमाणे प्रत्येक तबकडी दोनदा ऐकली, खिडक्या लावून आणि पंखा बंद करून. तुझी वहिनी म्हणते की याला संगीत म्हणायचं तर ती जन्मभर भांडी घासताना मैफलच करत होती. तिला वाटतं तू मला विरंगुळा म्हणून हे नवे अल्बम पाठवतोस. खरं मी तिलाही सांगितलेलं नाही.

पण मला भीती वाटते रे. चार वर्षं झाली तुझे दोन्ही कान जाऊन. चार वर्षं मी ऐकतोय, तू परीक्षणं लिहितोयस, आणि मासिकाचे वाचक समजतात की ऐकणारा तूच. मी सातवीत शाळा सुटलेला माणूस. सूतगिरणीत अडतीस वर्षं पेचकसाचं टोक यंत्राला आणि मूठ कानाला लावून कुठलं बेअरिंग कोरडं पडलंय ते सांगितलं, एवढीच माझी विद्या. कुणी पकडलं तर? तुझा मोबाइल मासिकाच्या कचेरीतली मुलगी हाताळते म्हणून तू पत्रच पाठव म्हणतोस, पण पत्रसुद्धा कुणाच्या हाती लागू शकतं. वाचून झालं की फाड.

पहिली तबकडी. एक माणूस पिंपात तोंड घालून ओरडतो आणि दुसरा ते पिंप गडगडत नेतो. मधे एक बाई आकडे मोजते, चौसष्टवर थांबते. बरी वाटली. पिंप चांगलं आहे, त्याला पोचा नाही.

दुसरी. व्हायोलिन, पण गज तारेवर नाही, लाकडावर घासलाय. सोळा मिनिटं. मग काहीच नाही. संपली म्हणून उठलो तर पुन्हा सुरू. गुडघ्याला कळ आली ती अजून गेलेली नाही.

तिसरीवर नावगाव नाही, कोरा पांढरा पुठ्ठा. हिच्याबद्दल मात्र खात्रीने बोलतो, कारण हिच्यात यंत्र आहे. लहान पंपाची मोटर. सारखी घरघर, आणि दर सहा सेकंदांनी झडप उघडून फुस्स. त्यामागे एक भाता आहे. त्याचं चामडं फाटलेलं असावं, हवा ओढताना मधेच अडकतो. एकवीस मिनिटं हेच. शेवटी एक सैल बोल्ट वाजतो, काचेवर वाजावा तसा बारीक. मी मोजले, अकरा ठोके. पाचव्यानंतर दम घेतल्यासारखा थांबतो. अकराव्यानंतर काही नाही. गिरणीत असतं तर मी हे यंत्र पहिल्याच दिवशी बंद करून भंगारात काढायला लावलं असतं. निदान कुणी येऊन तो बोल्ट आवळायला हवा होता. कुणी आलं नाही. यात संगीत कुठे ते मला कळलं नाही, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही एवढं खरं.

चिमणीचं काही पत्र? आई गेल्यावर घर सोडून गेली त्याला दीड वर्ष झालं. एकुलती एक मुलगी तुझी. बापानेच आधी लिहावं, त्यात कमीपणा नाही. रागावू नकोस, सुचलं ते लिहिलं.

प्रकृती जप, आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा

ता. १६ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

टिपणं मिळाली. पिंपाला पोचा नाही हे वाक्य जसंच्या तसं घेतलंय, संपादक हसून लोळले. व्हायोलिनवाल्याला दोन ओळींत निजवला.

तिसरी मात्र तू सोन्यासारखी दिलीस. तिला पूर्ण पान. शेवट तुझ्यासाठी उतरवतो: “हे यंत्र केव्हाच बंद करून भंगारात काढायला हवं होतं. फाटक्या भात्याची धाप एकवीस मिनिटं ऐकवणं ही कला नव्हे, हा हट्ट आहे. शेवटी एक सैल बोल्ट अकरा वेळा कुणाला तरी बोलावतो. शहाणी माणसं उठत नाहीत.” कसं वाटतं? करणाऱ्याने पुन्हा तबकडी काढायचं धाडस केलं तर मला कळव.

तुझं भिणं आता पुरे. गिरणी सुटली तरी तिची थरथर काही तुझ्या अंगातून सुटत नाही. कमी शिकलास म्हणूनच तू माझ्या उपयोगाचा आहेस. जास्त शिकला असतास तर मतं दिली असतीस.

चिमणीचा विषय माझ्यापाशी काढू नकोस. तिच्या आईच्या आजारपणात मी दगड होऊन बसलो होतो असं तिला वाटतं. वाटू दे.

वहिनीस नमस्कार. आहे तो जिव्हाळा पुरे, वाढवू नये.

धाकटा

ता. २० एप्रिल

ती. थोरल्या काकांस सा. न. वि. वि.

खूप दिवसांनी लिहिते आहे. बाबांच्या मासिकाचा अंक तुमच्याकडे येतो हे मला माहीत आहे. त्यात पान बारावर ज्या पांढऱ्या पुठ्ठ्याच्या तबकडीबद्दल लिहिलंय, ती माझी आहे.

नाव मुद्दाम घातलं नाही. मुलीची म्हणून त्यांनी ती उचलून धरू नये आणि मुलीची म्हणून फेकूनही देऊ नये. ऐकतील आणि ओळखतील अशी माझी खात्री होती. कारण ते यंत्र म्हणजे आईला लावलेलं प्राणवायूचं यंत्र. फाटका भाता म्हणजे आईचा श्वास. तुम्ही तेव्हा आला नव्हतात. दादा रडून घर डोक्यावर घेईल, त्याला बोलवू नका, असं बाबांनीच सांगितलं होतं. म्हणून तुम्हाला सगळं लिहिते.

शेवटी तिचा आवाज गेला होता. काही लागलं की ती चमचा पेल्यावर वाजवायची. माझा श्वास रेकॉर्ड करून ठेव असं तिनेच मला सांगितलं होतं, म्हणून रेकॉर्डर उशाशी असायचा. त्या दुपारी मी औषध आणायला गेले होते. बाबा शेजारच्या खोलीत लिहीत बसलेले, दार उघडं, दहा पावलांचं अंतर. तिने अकरा वेळा वाजवलं. मी आले तेव्हा ती गेली होती आणि बाबा तसेच लिहीत होते.

काका, मला कुणी नावाजावं म्हणून मी ही तबकडी काढली नाही. मला एकच गोष्ट हवी होती, त्यांनी तो चमचा ऐकला होता का. ऐकला नसेल तर मी उद्या घरी परत जाईन. दीड वर्ष मी याच एका प्रश्नावर जगते आहे. आणि त्यांनी छापलं की शहाणी माणसं उठत नाहीत. मी त्यांनाही आज सरळच विचारलंय. तुमच्यापाशी ते कधी काही बोलले असतील तर खरं काय ते लिहा. मला सांभाळून घेऊ नका.

काकूंना नमस्कार. तुमचा हात डोक्यावर राहू द्या.

तुमची,
चिमणी

ता. २३ एप्रिल

चि. धाकट्यास आशीर्वाद.

घाईत लिहितोय, अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच. चिमणीचं पत्र आलंय, नक्कल सोबत आहे. ती तबकडी तिची. तो भाता म्हणजे तुझी बायको. मी तिला भंगार म्हटलं रे. ज्या बाईने माझ्या ताटात कधी दुसऱ्यांदा वाढल्याशिवाय मला उठू दिलं नाही, तिच्या धापेला मी फाटकं चामडं म्हटलं. जन्मभर आवाजात बिघाड शोधला, त्यामुळे बिघाडापलीकडे मला काही ऐकूच येत नाही. हे माझं पाप, मी फेडीन.

पण तुझं तसं नाही. तुला त्या दुपारी ऐकूच आलं नव्हतं. तू तुझे कान तिच्या आईपासूनही लपवलेस. तिला माहीत असतं तर तिने चमचा वाजवला नसता, फेकून मारला असता, आणि तू उठला असतास. हे मुलीला एका ओळीत लिही. लिहिलंस की तू सुटलास आणि तीही सुटली. ती परत येते म्हणते आहे. तिने तुलाही विचारलंय. आजच्या आज लिही. मला झोप नाही, अन्न नाही.

इतकी वर्षं मी तुझं ऐकलं, आता एवढं माझं ऐक.

दादा

ता. २८ एप्रिल

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र म्हणजे रडगाणं. त्याची तबकडी निघाली असती तर पोरीच्या तबकडीपेक्षा तिला जास्त गुण दिले असते.

नीट समजून घे. मी बहिरा आहे असं एका माणसाला लिहून दिलं की चार वर्षांतला माझा प्रत्येक शब्द खोटा ठरतो. ज्यांना ज्यांना मी निजवलं ते सगळे उठून दारात येतील आणि हसतील. ते हसणं मला ऐकू येणार नाही, दिसेल. मुलीने बहिऱ्या बापाची कीव करत परत यावं, त्यापेक्षा चिडून लांब राहिलेली परवडली. तिला काय लिहायचं ते मी लिहीन. तू लिहायचं नाहीस. लिहिलंस तर पार्सलं बंद, मग बस वहिनीची भांडी ऐकत. गिरणीनंतर तुला कुणी काही विचारलं असेल तर ते मी, हे विसरू नकोस.

चार नवे अल्बम पाठवले आहेत. टिपणं पंचवीस मेच्या आत हवीत. आणि रडणं टिपणांत नको.

धाकटा

ता. ३ मे

चि. चिमणीस थोरल्या काकाचे अनेक आशीर्वाद.

पोरी, तुझ्या बापाने चमचा ऐकला नाही. चार वर्षांपासून त्याला काहीही ऐकू येत नाही. ढग गडगडला तरी नाही. तबकड्या मी ऐकतो, मी कळवतो, आणि तो लिहितो. भाता, बोल्ट, भंगार हे शब्द माझे आहेत. मी यंत्र समजलो. शिव्या घालायच्या तर मला घाल, पण त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं असं मनात धरू नकोस. आठवून बघ, समोरचा बोलतो तेव्हा तो डोळ्यांकडे न बघता ओठांकडे बघतो. पाठीमागून हाक मारली की वळत नाही, आणि तुम्ही म्हणता की घमेंड आहे.

हे लिहायला त्याने मला बंदी केली होती. भीत भीत लिहितोय, पण लिहितोय. तू घरी जा. त्याच्यासमोर उभी राहा, मागे नको.

या म्हाताऱ्याला माफ करता आलं तर कर.

काका

ता. ११ मे

ती. थोरल्या काकांस सा. न.

तुमचं पत्र आणि बाबांचं पत्र एकाच दिवशी आलं. बाबांचं तीन ओळींचं आहे. तबकडी पहिल्याच मिनिटाला ओळखली, म्हणतात. त्या दुपारीही ऐकलं होतं, हातातलं वाक्य मोडू नये म्हणून उठलो नाही. आणि दादा हळवा आहे, मला वाचवायला काहीतरी गोष्ट रचून पाठवेल, तिच्याकडे लक्ष देऊ नकोस. खाली सही आणि तारीख.

तुमची गोष्ट चांगली आहे, काका. वाचताना क्षणभर मी पिशवीसुद्धा भरायला घेतली. पण सातवीत शाळा सोडलेल्या गिरणीतल्या माणसाच्या कानांच्या जोरावर बाबा चार वर्षं सगळ्यांना धाकात ठेवून आहेत, हे कोण खरं मानेल? आणि ऐकू न येणारा माणूस मी ऐकलं आणि उठलो नाही असं स्वतःहून कशाला लिहून देईल? सांभाळून घेऊ नका म्हटलं होतं, तुम्ही तेच केलंत. वाईट वाटून घेऊ नका, स्वभाव आहे तुमचा.

मला उत्तर मिळालं. तबकडीच्या उरलेल्या सगळ्या प्रती काल मोडल्या. आता कुणालाच पत्र लिहिणार नाही, तुम्हालाही नाही. नवा पत्ता या पाकिटावर आहे, तो शेवटचा म्हणून.

काकूंना सांभाळा.

चिमणी

ता. १८ मे

चि. धाकट्यास दादाचे आशीर्वाद.

चारही तबकड्या दोनदा ऐकल्या. टिपणांसोबत परत पाठवतो आहे. पुठ्ठ्यांचे कोपरे सगळे शाबूत आहेत, वाटेत दबले तर माझ्या नावावर नको.

तुझ्या वहिनीला मी सगळं सांगितलं.  त्या दिवशी तिने भांडी आवाज न करता घासली.

टिपणांत रडणं नाही. तीन तबकड्यांबद्दल मी जे ऐकलं ते लिहिलंय. एकीबद्दल, जे तिच्यात नाहीच ते लिहिलंय. कुठली एक, ते सांगणार नाही. लबाडी मला कधी जमली नाही, म्हणून भीती वाटून दोनदा तपासून पाहिली. अक्षर चारही पानांवर सारखंच आलंय. वाद्यंही जिथल्या तिथे वाटतात. छापलंस आणि चुकलं, तर ज्याची ती तबकडी आहे तो विचारेल की हे तू कुठे ऐकलंस.

तू मुलीला लिहून दिलंस की पहिल्याच मिनिटाला ओळखलं. मग तुला अवघड नाही, तू स्वतः ऐक. दीड तासाचं काम आहे. मासिकातल्या कुणाला ऐकायला सांगणं तुला परवडणार नाही हे मला ठाऊक आहे. मी यापुढे ऐकणार नाही, खिडक्या उघडल्या आहेत. आपल्या घरातला कान आता एकाच ठिकाणी उरलाय. चिमणीचा पत्ता खाली लिहिला आहे.

तबकड्या काखेत घेऊन जा. दुसरा मजला आहे, घंटा बंद पडलीय असं पाकिटावर पत्त्याखाली तिनेच लिहिलंय, म्हणजे दार ठोकावं लागेल. अकरा वेळा तरी ठोक. आत कुणी उठलं की नाही ते तुला कळणार नाही. तसाच उभा राहा.

लोभ माझ्याकडे होता तेवढा या पाकिटात घातला. आता शिल्लक नाही.

दादा