निंबखेड्याची वजाबाकी

निंबखेडा, ता. पैठण
दि. २ एप्रिल

चि. विशाखास आजोबांचे आशीर्वाद व जय भीम.

आम्ही खुशाल आहोत. तुझ्या शेळीला जुळी करडे झाली. तुझ्यासारखीच हट्टी आहेत. विहिरीने मात्र यंदा मार्चमध्येच तळ दाखवला. पूर्वी ती मे ओलांडत असे.

शहराकडे जाणारी मोठी जलवाहिनी आपल्या वावरांतून गेली. चर खणताना लोक आडवे झाले होते. गावालाही नळ मिळेल, हा तुझा शब्द मी घरोघर पोहोचवला, तेव्हा ते बाजूला झाले. आता पंचायतीत पाणीयोजनेचा आराखडा लागला आहे. मी तो स्वतः उभा राहून वाचला. त्यात निंबखेडा नाही. तू त्याच कचेरीत अभियंता आहेस. हे तुला ठाऊक होते काय? फोनवरचा शब्द एकदा मानला; आता उत्तर लेखी यावे.

लोभ आहे, तो आहेच.

तुझा आजोबा,
कडुबा

छत्रपती संभाजीनगर
१० एप्रिल

ती. आजोबांस विशाखाचा सादर जय भीम.

ठाऊक होतं. पाण्याच्या मागणीचा अंदाज मीच केला. शहर वाढतंय, पावसाचा भरवसा राहिला नाही, धरण दर वर्षी भरेल असं धरता येत नाही. म्हणून जिथं माणसं वाढणार, तिथं आधी पाणी. आराखड्यासाठी आलेल्या मोजणीवाल्यांनी पुढं गावात कोण राहणार असं विचारलं, तेव्हा तुम्ही छाती फुगवून सांगितलंत की माझी नातवंडं शहरात साहेब झाली, एकही परत यायचं नाय. घरोघरी हेच उत्तर. कागदावर गाव रिकामं झालं. ते अभिमानाचं बोलणं होतं, हे मला कळत होतं; तरी आकडा तसाच जाऊ दिला. चुकले.

१ मेच्या ग्रामसभेत हरकत घ्या. सणाला, सुट्टीला येणाऱ्यांचीही नावं द्या. आकडा बदलावा लागेल. माझंही द्या. जयंतीला येते, तेव्हा समोर बसवून रागवा. लोभ तेवढा आटू देऊ नका.

तुमची,
विशाखा

निंबखेडा
दि. ३ मे

विशाखा साळवे, अभियंता, यांस जय भीम.

जयंतीला वाट पाहिली.

मोजणीवाल्यांपुढे मी बोललो, ते कौतुक होते. परक्यांनी ते लिहून नेले, त्याचे दुःख नाही. तू माझ्या मांडीवर वाढलीस. तू त्याची वजाबाकी केलीस.

ग्रामसभा झाली. दगडाबाईने भर सभेत विचारले की कडुबादादा, नळाचा शब्द देणारी नात ती हीच काय, अन् आम्हाला जित्तेपणी कागदावरून पुसून टाकणारीही हीच काय. मी व्हय म्हणालो आणि खाली बसलो. नंतर हरकत एकमताने झाली. प्रत्येकाने आपापली लेकरे सांगितली. गोकुळने तर दुबईचा जावईही सांगितला, सभा हसली. माझ्या घरातून मी एकच नाव दिले, माझे. ग्रामसेवकाने नातीचे विचारले. ती शहराच्या मागणीत मोजलेली आहे, असे मी सांगितले.

नळ आला तर यावे. आल्याबरोबर गूळ-पाणी मिळेल, पाहुण्याला मिळते तसे.

कळावे.

आपला,
कडुबा त्र्यंबक साळवे