फडक्यावरचं ऑईल

आप्पा,

आज एकाने दोन लाख किलोमीटर चाललेली ऑटोमॅटिक गाडी आणली आणि विचारलं, हिच्या गिअरबॉक्समध्ये कुठलं ऑईल टाकायचं? तुमचंच उत्तर माझ्या तोंडात आलं: डबा नंतर निवडू, आधी आतलं जुनं ऑईल काय म्हणतंय ते बघू. गिऱ्हाईक हसलं. मला हसू आलं नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ऑईल तपासायची पट्टी बाहेर ओढताना माझा हात जरा अडतोच.

पंचवटीतल्या आपल्या गॅरेजात तेव्हा अशा गाड्या यायच्याच कुठे? नव्वदचं दशक सरत आलं तरी अख्ख्या नाशकात बिनक्लचच्या गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातली एक वणीच्या कॉलेजात शिकवणाऱ्या बाईंची. लहानपणीच्या पोलिओने त्यांच्या डाव्या पायात जोर राहिला नव्हता, क्लच दाबणं शक्यच नव्हतं, म्हणून त्यांनी कुणाकडून तरी जुनी परदेशी गाडी घेतली होती. त्याआधी भाऊ सोडेल तेव्हा जायचं आणि आणेल तेव्हा यायचं. आता घरी कधी येणार हे कुणाला विचारावं लागत नाही, असं त्या एकदा तुम्हाला म्हणाल्या होत्या. तुम्ही त्या गाडीसाठी पुस्तकात लिहिलेल्या नंबराचंच ऑईल मुंबईहून मागवलंत. इथला दुकानदार सगळ्या गाड्यांना चालतं म्हणून दुसराच लाल डबा पुढे करत होता. सगळ्यांना चालतं ते कुणालाच धड चालत नाय, असं त्याला सुनावलंत. वर मला समजावलंत: जुन्या ऑईलला जळका वास नसेल तर खुशाल नवं भरायचं. वास असेल तर आतल्या प्लेटी जळल्यात असं समजायचं. त्या जुन्या गाळाच्या आधाराने कशीबशी पकड धरून असतात, नवं ऑईल पडलं की सटकतात. मग डब्याला हात लावायचा नाही, बॉक्स उघडून प्लेटी बदलायच्या. सगळं तुम्हाला ठाऊक होतं. फक्त तुमचं नाक गेलं होतं.

एका पावसाळ्यात तुम्हाला मोठा ताप आला, त्यानंतरची गोष्ट. आई देवळ्याला माहेरी गेली होती. मी घरात शिरलो तर स्वयंपाकघरात धूर, गॅसवर दूध आटून पातेल्याचा कोळसा, आणि तुम्ही ओट्याकडे पाठ करून निवांत पेपर वाचताय. मी गॅस बंद केला. लक्षच नाय राहिलं, असं म्हणून तुम्ही पातेलं स्वतः घासायला घेतलंत. मी काय ते समजलो, आणि मी समजलो हे तुम्हालाही कळलं. त्यावर आपण दोघं अवाक्षर बोललो नाही. वासावरून गाडीचा रोग सांगणारा मेकॅनिक हा तुमचा लौकिक, त्याला मी कसा हात लावणार? शिवाय आदल्याच वर्षी मी गिऱ्हाईकासमोर तुमची चूक काढली होती, तेव्हा तुम्ही पाना खाली ठेवून म्हणाला होतात, "माझं वाक्य तोडायचं असंल तर सोताचं गॅरेज टाक." ते मला फार झोंबलं होतं.

त्यानंतर बाईंच्या गाडीचं ऑईल बदलायचा तो दिवस. बाई बाकावर बसल्या आहेत. तुम्ही पट्टी ओढता, पांढऱ्या फडक्यावर चार थेंब पाडता. रंग तपकिरी. फडकं नाकाशी नेता, नेहमीपेक्षा जास्त वेळ धरता. मग कधी नव्हे ते माझ्यापुढे करता.

"बघ बरं. तुला काय वाटतं?"

मी वास घेतो.

"तुम्ही म्हणाल ते, आप्पा."

तुम्ही माझ्या हातातलं फडकं परत घेता. मग डबा उघडता.

पंधरा दिवसांनी वणीच्या अलीकडच्या चढावर गाडीने पकड सोडली. इंजिन ओरडत होतं आणि गाडी मागे घरंगळत होती. बाईंनी हँडब्रेक ओढला म्हणून निभावलं. बॉक्स उघडला तेव्हा आत दुरुस्त करण्याजोगं काही उरलं नव्हतं, आणि दुसरा मुंबईतही मिळेना. बाई पुन्हा भावाच्या वेळेवर जाऊ-येऊ लागल्या, वर्षभरात त्यांनी नोकरी सोडली. तुम्ही त्यांच्या दारी जाऊन हात जोडलेत. माझं नाव घेतलं नाहीत.

वडिलांचा मान राखला, असं मी स्वतःला सांगत आलो. खोटं आहे ते. तुम्हाला त्या दिवशी मान नको होता, माझं नाक हवं होतं. बाईंसमोर जेवढं सांगता येत होतं तेवढं तुम्ही सांगितलं होतंत. मला ते कळलं होतं, आणि आत कुठेतरी बरंही वाटलं होतं: घ्या, नाही तोडत तुमचं वाक्य. याची लाज मला अजून वाटते.

शेवटच्या आजारात तुम्ही आईशी बोलत होतात आणि मी दाराशी उभा होतो. "बाईंच्या गाडीचं फडकं पोरानंबी हुंगलं व्हतं. त्यालाबी वास नाय आला. म्हंजे नव्हताच." एवढं बोलून तुम्हाला शांत झोप लागली. त्या आधारावर तुम्ही गेलात, तो आता मी कसा काढून घेऊ? म्हणून हे पत्र कुणालाच दाखवणार नाही, तुमच्या फोटोलासुद्धा नाही.

आला होता, आप्पा. फडकं हातात घेतल्याबरोबर आला होता.