कडू घासाचा डबा

मंगळवार, संध्याकाळ

डबा भरलेलाच परत आणला. पिठलं टाकवत नाही.

सकाळी सुमनचा नवरा गेला. तिचं घर आमच्या घराच्या अगदी मागे. मधल्या बोळातून आम्ही दोघींनी वर्षानुवर्षं अनवाणीच ये-जा केली. मग तिकडे प्लॉट पाडून नवीन लेआउट झालं, कंपाउंडची भिंत आली आणि बोळ बंद. आता रिंग रोडनं फिरून जायचं.

अशा दिवशी घरची चूल पेटत नाही. माणसं घाटावरून परतली की कडू घास शेजारणीनं न्यायचा. मी पिठलं-भात केला, ऑटो केला. रिंग रोडला मध्ये डिव्हायडर, वळायला जागाच नाही. लांबच्या पुलाखालून वळून आलो तेव्हा ऑटोवाला म्हणाला, "बाई, हे तं तुमच्या घरामागंच येऊन राहिलं!"

पोचले तर सगळ्यांची जेवणं झालेली. पोरांनी हॉटेलातून मागवलं होतं. सुमननं डब्याकडे पाहिलं. "काहून वं एवढा उशीर? तुझ्याच हातचा घास खाईन म्हटलं होतं, पोरं ऐकेचना."

इतके रस्ते झाले या शहरात. आमचा एक बोळ कोणाला जड झाला होता?

मागच्या अंगणात बसले आहे. डबा मांडीवरच आहे. भिंतीपलीकडून सुमनचं रडणं ऐकू येतंय. तिच्या घरून माझ्याकडे सरळ येणारं आता तेवढंच उरलं.