चाकवाली आणि बाणवाली

बाबा, काल मी तुमच्या कंपनीची बाजू घेतली. माझी नात नागपूरला शिकते, सुट्टीत पांढुर्ण्याला आली आहे. मोबाईलवर विलायती कॉमिक्स वाचत बसते, आणि त्याच्यावरून तिचं नि तिच्या बापाचं, म्हणजे माझ्या लेकाचं, रोज वाजते. तिकडंही दोनच मोठ्या कंपन्या आहेत म्हणे. एकीचे हिरो देवासारखे आभाळातून उतरतात, ठोसा मारला की डोंगर फुटते. दुसरीचेही ताकदवान, पण घरी आले की त्यांची रडकथा सुरू. बायको बोलत नाही, दोस्त रुसला. लेक पहिलीवाला, नात दुसरीवाली. काल जेवताना तिनं मलाच पंच केलं. आजी, तू कोणाकडून? भाजी वाढता वाढता माझ्या तोंडून निघालं, ठोसेवाल्यांकडून. ती म्हणाली, आजीला काय समजते कॉमिक्सातलं. मी म्हटलं, तुझ्या बापाला नाक पुसता येत नव्हतं तेव्हापासून समजते. सगळे हसले. मग हात धुताना माझं मलाच नवल वाटलं. जन्मभर तर मी चाकवाली होती.

तुमच्या दुकानाला दुकान म्हणायचं तर जीभ अडखळते. सौंसरच्या बसस्टँडवर कडुलिंबाखाली संत्र्याचे चार खोके, त्यावर फळी, वर दोरीला टांगलेली कॉमिक्स. घरी न्यायचा किराया वेगळा, तिथंच बाकड्यावर बसून बस येईपर्यंत वाचायचा वेगळा. छिंदवाड्याची गाडी उशिरा आली तर वाचणारा खुश. नागपूरची वेळेवर आली की तो गोष्ट अर्धी टाकून धावायचा, मग खिडकीतून मुंडकं काढून विचारायचा, भाऊ, शेवटी काय झालं? आणि तुम्ही गाडी हलायच्या आत त्याला शेवट सांगायचे. ड्रायव्हरही तेवढा थांबायचा. कोणाला अर्ध्यात सोडायचं नाही, हा तुमचा नेम. बाकी कोणता नेम तुम्ही पाळला नाही, न नाहायचा न जेवायचा, पण हा पाळला.

सगळी कॉमिक्स हिंदी. कंपन्यांची नावं कोण घेते, कोपऱ्यात बाण छापला ती बाणवाली, चाक छापलं ती चाकवाली. बाणवाल्यांचा हिरो छातीनं धरण अडवायचा. पानभर एक चित्र, त्यात एकच शब्द, धडाम. तुम्ही त्याच्यावर जीव टाकायचे. माझा चाकवाला. त्याला दहा दहा कोसांवरून लोकांच्या हाका ऐकू यायच्या आणि कोणाकडं आधी जावं या विचारात तो अर्धं पुस्तक घालवायचा. बारीक बारीक चौकोन, प्रत्येकात मुंग्यांसारखी अक्षरं. मी म्हणायची, बाबा, तुमच्या हिरोले डोकं नाही. तुम्ही म्हणायचे, तुह्या हिरोले डोकंच हाय, तो विचार करतपर्यंत गाव बुडते. बाकड्यावरचे लोकही दोन बाजू धरून भांडायचे. मी फळीवर पाय हलवत बसली आहे, हाताला पानं चिकटवायच्या खळीचा वास, तुमच्या बिडीचा धूर माझ्या डोळ्यात जाऊन राहिला, आणि मी चाकवाल्यांची वकिली करून राहिली. त्याच्यावरचं सुख मला नंतर कुठं भेटलं नाही. भेटलं असं मी कधी कधी म्हणते, ते लोकांना बरं वाटावं म्हणून.

पण तुम्ही मला चौथीतून काढलं होतं. सुट्या झालेल्या पानांना सुई-दोरा मारायला कोणी पाहिजे, म्हणाले. माझ्यापेक्षा ढ पोरी पाचवीत गेल्या. मी शिवत बसली. राग होताच, पण तो मी चाकवाल्याच्या बारीक अक्षरांत बुडवायची. आणि एक गोष्ट होती. खिडकीतून कोणी चाकवालीचा शेवट विचारला की तुम्ही माझ्याकडं बोट दाखवायचे. तिले विचारा, तिची कंपनी हाय. मी फुगून जायची. वाटायचं, बाबांनी माझा मान ठेवला.

मग उंदरानं काही अंकांचे कोपरे खाल्ले. मला ताप होता म्हणून ते तुम्ही शिवले. मी परत आली तेव्हा बाकड्यावरचा एक गिऱ्हाईक डोकं खाजवून राहिला होता. मी पाहिलं तर पानं उलटीपालटी. कोपऱ्यासोबत आकडे गेले होते, तर तुम्ही चित्र पाहून पान लावलं. हिरो आधी घरी पोचला होता, मग निघाला होता. दोन ओळी वाचल्या असत्या कोणी तर समजलं असतं. मला हसू आलं आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, बाबा, तुमाले वाचता येत नाही का?

बाकडं हसलं. तुम्ही नाही हसले. माठातून पाणी घेतलं, प्याले नाही, कडुलिंबाला टाकलं. तेव्हा मला समजलं. आणि मागचंही सगळं समजलं. बाणवाली तुम्हाला काहून आवडते ते. चाकवालीचा शेवट काहून मला सांगायला लावता ते. आणि मला शाळेतून काहून काढलं तेही. तुम्हाला सुई-दोऱ्याला हात नको होता, डोळे पाहिजे होते. मी शिकली म्हणून माझी शाळा सुटली. दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा आपापल्या कंपनीसाठी भांडलो, पण मी डोक्याची गोष्ट काढली नाही.

पुढं मी लग्न होऊन पांढुर्ण्याला आली, तुमचं दुकान बसलं. लोकांनी घरी टीव्ही घेतले. एक दिवस तुम्ही सौंसरहून आले, सोबत पिशवीत एकच कॉमिक्स. मी चुलीपुढं भाकरी थापून राहिली होती, दोन लेकरं अंगावर, सासू तापलेली. तुम्ही दाराशी टेकले. वाळले होते, मी पाहिलं, विचारलं नाही. तुम्ही पुस्तक उघडून शेवटचं पान माझ्याकडं केलं. चाकवाल्यांचं. त्या पानावर मारामारी नव्हती, नुसतं हिरोचं तोंड आणि खाली अक्षरंच अक्षरं. चित्रावरून काही समजणार नाही असं.

"बाई, याले मायची हाक येते, अन् पुरात अडकलेल्या गाडीचीही येते. मंग हा शेवटी कोणाकडं गेला व?"

एवढ्या वर्षांत तुम्ही मला पहिल्यांदा विचारलं होतं. मी भाकर उलटली आणि म्हटलं, "एवढी वर्षं दुकान चालवलं, वाचून पाहा न."

तुम्ही पुस्तक मिटलं. चष्मा नाही आणला, म्हणाले. तुम्हाला चष्मा होता कधी? मग जेवले, भाकर चांगली झाली म्हणाले, आणि सांजच्या गाडीनं गेले. पुस्तक इथंच ठेवून गेले. संत्र्याचा मृगाचा बहार तोडायला आला तेव्हा तुम्ही गेल्याचा निरोप आला.

आज उघडलं ते पुस्तक. तो पुराकडं गेला, बाबा. माय त्याला जेवायलाच बोलावत होती. खाली लिहिलं आहे की ती ताटावर झाकण ठेवून बसली, थंड झालं तरी चालते म्हणाली. इतकंच होतं. तेवढं सांगेपर्यंत तव्यावरची भाकर करपली नसती.

लोकांना मी सांगत आली की कामाच्या घाईत माझ्या तोंडून निघून गेलं. तसं नव्हतं. मला माहीत होतं तुम्हाला येत नाही, आणि माहीत होतं म्हणूनच म्हटलं. चौथीचा राग होता तो. लागावं म्हणून म्हटलं, आणि लागलं तेव्हा बरं वाटलं, एक भाकर होईपर्यंत.

हे पत्र टाकायचं कुठं. टाकलं आणि पोचलं, तरी तुम्ही ते कोणाकडं घेऊन जाल वाचायला? म्हणून एक एक ओळ लिहून झाली की मोठ्यानं वाचून राहिली. जोडाक्षराला अडते, पुन्हा मागून घेते. नात दारातून विचारते, आजी, कोणाशी बोलून राहिली? मी म्हटलं, कोणाशी नाही, अक्षर लावून पाहून राहिली.